पेट्रोल जातं कुठे

माझ्या कामात गाडी पुढे जात नाही. बंद खोलीत लोखंडी रोलरवर तिची चाकं गरगरत असतात, समोरून एक भला मोठा पंखा वारा घालत असतो आणि आत बसलेला चालक, स्टिअरिंग वळवायची गरजच नसल्यामुळे, पडद्यावरच्या एका रेषेचा पाठलाग करत असतो. रेषा वर चढली की ॲक्सिलरेटर, खाली आली की ब्रेक. ताशी दोन मैलांहून जास्त भरकटून वेळेत सावरला नाही, की चाचणी बाद. ही रेषा म्हणजे लॉस एंजेलिसमधली एक सकाळ आहे. १९६०च्या दशकात तिथे कामावर जाणाऱ्या गाड्या कशा चालतात ते टिपून ती बेतली गेली. साडेसात मैल, १,३७२ सेकंद, सरासरी वेग ताशी १९.६ मैल आणि जवळजवळ पाचवा हिस्सा वेळ नुसतं सिग्नलला उभं राहणं. तिथली रहदारी तेव्हापासून ओळखू येणार नाही इतकी बदलली. मिशिगनच्या बंद खोल्यांमध्ये मात्र गाड्या अजून त्याच सकाळी कामाला निघतात.

मी पुण्याचा. शिक्षण संपवून डेट्रॉइटच्या पश्चिमेला नोव्हाय भागात आलो तो गाडीच्या सुट्या भागांच्या एका कंपनीत, आणि तेव्हापासून हायब्रिड गाड्यांचं कॅलिब्रेशन हेच काम. इंजिन केव्हा सुरू करायचं, केव्हा बंद करायचं, ब्रेकचा किती भाग मोटरने घ्यायचा आणि किती पॅडने, याचे हजारो आकडे गाडीच्या संगणकात भरायचे आणि मग ते चुकले कुठे हे शोधत हिंडायचं. नातेवाइकांच्या दृष्टीने मात्र माझं काम म्हणजे एकाच प्रश्नाचं उत्तर देणं: "गाडी ॲव्हरेज किती देते?"

या प्रश्नाला मी सरळ उत्तर देत नाही म्हणून घरात माझी ख्याती आहे.

आमच्या प्रयोगशाळेत पेट्रोल किती लागलं हे टाकीकडे बघून ठरत नाही. आम्ही धूर मोजतो. सायलेन्सरमधून निघालेला वायू हवेत मिसळून पिशव्यांमध्ये भरायचा, त्यातला कार्बन मोजायचा आणि उलटा हिशेब करायचा. पेट्रोलमधला कार्बन जाऊन जाऊन जाणार कुठे? एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पेट्रोल जळलं की सुमारे ८.९ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. हे ऐकून माझे काका चिडले होते. "पावणेतीन किलोच्या पेट्रोलातून नऊ किलो धूर? थापा मारतोस!" जास्तीचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं, हे त्यांना पटायला रात्रीचं जेवण लागलं.

हायब्रिडला या हिशेबात एक जास्तीची अट आहे. चाचणीच्या सुरुवातीला बॅटरीत जेवढी वीज होती, जवळपास तेवढीच शेवटीही असली पाहिजे. फरक जळलेल्या पेट्रोलमधल्या ऊर्जेच्या एक टक्क्याच्या आत. नाहीतर गाडी बॅटरी उपसून ऐटीत धावेल, पेट्रोल वाचल्याचं दाखवेल आणि उधारी दुसऱ्या दिवशी फेडेल. या अटीतच सगळी गोष्ट आली. ज्या हायब्रिडला चार्जरची वायर लागत नाही, तिच्यातली प्रत्येक युनिट वीज पेट्रोलच्याच टाकीतून आलेली असते. वरून कुणी काही देत नाही. टोयोटाच्या २००४च्या प्रियस या हायब्रिडची बॅटरी १.३ युनिटची होती. काठोकाठ भरली तरी तिच्यातली ऊर्जा दीडशे मिलिलिटर पेट्रोलपेक्षा कमी. आणि तिचा वापर होतो तो मधल्या पट्ट्यातच, ती कधी पूर्ण भरत नाहीत की पूर्ण रिकामी करत नाहीत, म्हणून तर ती वर्षानुवर्षं टिकते. "बॅटरीवर चालते म्हणून पेट्रोल वाचतं" असं कुणी म्हटलं की मी हा आकडा पुढे करतो.

मग वाचतं कसं? खरं तर विचारायचं ते हे, की साध्या गाडीत ते जातं कुठे.

मध्यम आकाराची गाडी सपाट रस्त्यावर ताशी ६५ मैलांनी नेमाने धावत असली, तर तिला जेमतेम वीस अश्वशक्ती पुरते. बॉनेटखाली असतात पावणेदोनशे-दोनशे, कारण हायवेवर शिरताना आणि चढावर त्या लागतात, आणि अमेरिकन गिऱ्हाइकाला त्या असल्याशिवाय झोप येत नाही. एवढं इंजिन सिग्नल ते सिग्नल रांगवणं म्हणजे लग्नाचा आचारी बोलावून दोन कप चहा करून घेण्यासारखं आहे. थोडं काम करताना पेट्रोल इंजिनाची हवेची झडप जवळपास मिटलेली असते, त्या फटीतून हवा ओढण्यातच त्याची ताकद जाते, आणि आतल्या घर्षणाचा खर्च काम थोडं आहे म्हणून कमी होत नाही. आजची हायब्रिडमधली चांगली इंजिनं त्यांच्या आवडीच्या जागी चालवली, तर पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ४० टक्के भाग कामाला लावतात. टोयोटाच्या अडीच लिटरच्या इंजिनाचा आकडा ४१ आहे. रांगत्या रहदारीत साधं इंजिन वीस टक्क्यांच्याही खाली येतं, आणि उभ्या गाडीत तर शून्यच. तासभर नुसतं घरघरत ठेवलं तर पाव ते अर्धा गॅलन पेट्रोल जातं, गाडी जागची हलत नाही.

हायब्रिडचं इंजिन एक तर बंद असतं, नाहीतर त्याला पुरेसं काम दिलेलं असतं. रस्त्याला दहा अश्वशक्ती हवी आणि इंजिन वीसवर खूश असेल, तर उरलेल्या दहा बॅटरीत. बॅटरी पुरेशी भरली की इंजिन बंद, आता मोटर. वीज करण्यात, साठवण्यात आणि परत वापरण्यात प्रत्येक टप्प्यावर काहीतरी गळतं, म्हणून हा उद्योग प्रत्येक वेळी फायद्याचा नसतो. कुठे फायद्याचा आणि कुठे नाही, यावरच आमचे पगार चालतात.

मोटर मदतीला असल्यामुळे आणखी एक चैन परवडते. ही इंजिनं हवा आत घेणारी झडप मुद्दाम उशिरा मिटतात, थोडी हवा परत जाऊ देतात, आणि मग तापलेल्या वायूला जास्त लांब फैलावू देतात. वायूला असं जास्त फैलावू देण्याची कल्पना जेम्स ॲटकिन्सन या इंग्रज माणसाची, १८८०च्या दशकातली. असं इंजिन पेट्रोल कमी पितं पण उठताना मंद असतं. एकट्याने विकायला काढलं तर कुणी घेणार नाही. मोटर पहिल्या क्षणापासून जोर देते, त्यामुळे हे मंदपण झाकलं जातं.

टोयोटाच्या पद्धतीत इंजिन आणि दोन मोटरी यांची सांगड एकाच ग्रहमालेसारख्या गिअरने घातलेली असते. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये मधल्या चाकाला ३० दाते, बाहेरच्या कड्याला ७८. इंजिनाच्या जोराचा ७२ टक्के भाग चाकांकडे, २८ टक्के जनरेटरकडे, आणि ही वाटणी दात्यांच्या संख्येने कायमची ठरलेली. बेल्ट नाही, क्लच नाही, गिअर बदलण्याची भानगड नाही. मी पहिल्यांदा ते उघडलेलं पाहिलं तेव्हा बाकीचं कुठे ठेवलंय असं विचारलं होतं. याच जातीच्या रचनेचं पेटंट टीआरडब्ल्यू या अमेरिकन कंपनीच्या अभियंत्यांना १९७१ मध्ये मिळालं होतं. त्याच सुमारास व्हिक्टर वोक यांनी १९७२च्या ब्यूक स्कायलार्कमध्ये मोटर बसवून हायब्रिड तयार केली, आणि १९७४ मध्ये ती ॲन आर्बरला पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या प्रयोगशाळेत तपासलीही गेली. आमच्या ऑफिसपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर! सरकारने पुढे रस दाखवला नाही. प्रियस जपानमध्ये विक्रीला आली ती डिसेंबर १९९७ मध्ये. डेट्रॉइटच्या जुन्या अभियंत्यांसमोर हा विषय काढू नये, संध्याकाळ जाते.

इंजिन केव्हा सुरू करायचं हा प्रश्न कागदावर सोपा दिसतो. एका गाडीत आम्ही पेट्रोलच्या हिशेबाने अगदी नेमका आकडा बसवला होता. प्रयोगशाळेत निकाल छान. तीच गाडी संध्याकाळी पाचला आमच्याकडच्या गर्दीच्या टेलिग्राफ रोडवर काढली, तर इंजिन सुरू, बंद, सुरू, बंद, शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने विचारलं, "हिला उचकी लागलीय का?" लॉस एंजेलिसच्या त्या रेषेत गाडी एक तर चालते नाहीतर थांबते. टेलिग्राफ रोडवर ती दोन्हीच्या मध्ये तासभर लटकते. शेवटी सुरू होण्याचा आणि बंद होण्याचा आकडा यांत मोठं अंतर ठेवलं. त्यात थोडं पेट्रोल जास्त जातं आणि ते मी आनंदाने जाऊ दिलं. त्रास देणारी गाडी माणूस विकून टाकतो, मग तिचं ॲव्हरेज कुणाला वाचवणार?

ब्रेकची गोष्ट माझ्या सगळ्यात आवडीची. सोळाशे किलोची गाडी ताशी ४५ मैलांवरून थांबवली की तिच्यातली जी गती मरते, ती परत आणायला साध्या इंजिनाला साधारण ३५ मिलिलिटर पेट्रोल जाळावं लागतं. म्हणजे प्रत्येक लाल सिग्नलला, ब्रेकचे पॅड तापवण्यासाठी, चहाचे सात चमचे पेट्रोल. काही भाग वारा आणि टायर खातातच, तो कुणालाच परत मिळत नाही. उरलेल्यातला मोठा वाटा हायब्रिडची मोटर जनरेटर बनून पकडते आणि पुढच्या सिग्नलपासून निघताना वापरते. पण किती पकडेल हे पायावर आहे. बॅटरी लहान, ती एका क्षणात ठरावीक वीजच गिळू शकते. दुरून हलका ब्रेक लावला तर जवळपास सगळं मोटरकडे जातं. सिग्नलच्या तोंडाशी येऊन कचकन दाबला, तर मोटर आपला घास घेते आणि बाकीचं पॅड जाळतात, पूर्वीसारखंच. शेवटच्या काही मैलांच्या वेगाला मोटर सोडून देते आणि गाडी पॅडवरच थांबते. ही सोपवासोपवी पायाला कळता कामा नये. आमच्याकडे या कामाला एक बाई होत्या, डिअरबॉर्नच्या, निवृत्तीला आलेल्या. त्या मुद्दाम पातळ तळव्याचे बूट घालून गाडी चालवायच्या आणि आमची यंत्रं जो झटका दाखवत नसत तो तळपायाने सांगायच्या. दहापैकी नऊ वेळा यंत्रच मागून कबूल करायचं.

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट उतरायला लागलं की इंजिन बंद करून गाडी सोडून देणारे टॅक्सीवाले मला लहानपणी दिसत. पेट्रोल वाचतं, असं ते अभिमानाने सांगत. वाचायचंही, पण इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी इंजिनाची मदत जाते, दोनतीनदा पॅडल दाबलं की ते दगड होतं. हायब्रिड हाच उद्योग करते, फक्त तिच्यात ब्रेकची मदत, स्टिअरिंग आणि एसी हे सगळं विजेवर असतं. या बदलांचं कौतुक जाहिरातीत होत नाही, पण त्यांच्याशिवाय इंजिन बंद ठेवायची हिंमत कुणी केली नसती. घाटाची मौज मात्र लवकर संपते. कोलोरॅडोत डोंगरातून डेन्व्हरकडे उतरताना हे दिसतं: एक हजार मीटर उतार म्हणजे त्याच सोळाशे किलोच्या गाडीत सव्वाचार युनिटहून जास्त ऊर्जा, आणि बॅटरी जेमतेम एक-सव्वा युनिटची, त्यातही वापरता येणारी निम्मी. काही मैलांत ती भरते, मग इंजिन नुसतं रिकामं फिरवून गाडी आवरावी लागते. उतारावर जमा करून वर्षभर खाऊ, असं नसतं.

आता लेबलाबद्दल. अमेरिकेत प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर ईपीएच्या पद्धतीने काढलेला मैल प्रति गॅलनचा आकडा चिकटवलेला असतो. २००४च्या प्रियसवर शहरासाठी ६० आणि हायवेसाठी ५१ छापलेलं होतं. लोक घेऊन गेले आणि पंचेचाळिशीच्या आसपास अडकले. फसवलं म्हणून ओरड झाली. दोष गाडीचा नव्हता, परीक्षेचा होता. शहराची चाचणी म्हणजे तीच लॉस एंजेलिसची सकाळ, हवा वीस-तीस अंश सेल्सिअस, एसी बंद, आणि हायवेच्या चाचणीचा कमाल वेग ताशी ६० मैल. त्या सकाळी उभं राहणं आणि हळू चालणं जास्त, म्हणजे हायब्रिडच्या सगळ्यात आवडीचं. २००८च्या मॉडेलपासून ईपीएने हिशेबात आणखी तीन चाचण्या घेतल्या: ताशी ८० मैलांपर्यंतचं दांडगं चालवणं, ९५ अंश फॅरनहाइटला एसी लावून चालवणं आणि २० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे सात सेल्सिअसच्या थंडीतलं चालवणं. त्याच प्रियसचे आकडे ४८ आणि ४५ झाले. गाडीत एक स्क्रूही बदललेला नव्हता.

त्या थंडीशी माझं वैयक्तिक भांडण आहे. उणे सातला साध्या गाडीचं शहरातलं ॲव्हरेज साधारण १५ टक्क्यांनी घसरतं. हायब्रिडचं ३० ते ३४ टक्क्यांनी. साधी गाडी इतकी उष्णता फुकट घालवत असते की तिच्यातलीच थोडी हीटरला दिली तर कुणाला कळत नाही. हायब्रिडने ती उधळपट्टी थांबवलेली असते, म्हणून काच पुसायला आणि बोटं शेकायला उष्णता लागली की इंजिन मुद्दाम चालवावं लागतं. सिग्नलला उभं राहूनसुद्धा! शिवाय धूर शुद्ध करणारा कॅटॅलिस्ट तापलेला हवा, आणि गार बॅटरी वीज नीट घेत नाही, नीट देत नाही. जानेवारीत घरापासून दोन मैलांवर मुलांना शाळेत सोडायला निघालेली हायब्रिड इंजिन गरम होईपर्यंत घरी परत आलेली असते. मिशिगनमध्ये निघण्याआधी रिमोटने गाडी सुरू करून दहा मिनिटं तापवत ठेवायची पद्धत आहे. माझ्या बायकोलाही ती प्रिय आहे. मी याविषयी बोलायचं सोडलंय. उणे पंधराला गार सीटवर बसून कार्यक्षमतेवर व्याख्यान ऐकणं कुणालाच आवडत नाही.

न्यू जर्सीतला माझा मेव्हणा दर दिवाळीला फोनवर तक्रार करतो, "अरे, हायब्रिडचे जास्त पैसे मोजले, फरक काय पडला?" तो एडिसनहून टर्नपाइक हायवेवर चढतो तो थेट कामाच्या ठिकाणी उतरतो. टोयोटाच्या २०२४च्या रॅव्ह-फोरचं लेबल त्याच्यासाठीच छापल्यासारखं आहे: साधी गाडी शहरात २७, हायवेवर ३५, हायब्रिड शहरात ४१, हायवेवर ३८. शहरात चौदाचा फरक, हायवेवर तीनचा. सरळ धावताना इंजिनाला पुरेसं काम असतंच, ब्रेक लागत नाही, उभं राहावं लागत नाही. वाचवण्यासारखं उरतं काय? वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्याला गाडी हायब्रिड आहे की नाही याच्याशी कर्तव्य नाही. मी त्याला वेग विचारला. "सगळे जातात त्या वेगाने," तो म्हणाला.

नदीच्या पलीकडच्या तीरावर न्यूयॉर्कच्या टॅक्सीवाल्यांना हे कुणी समजावावं लागलं नाही. २००७ मध्ये महापौर ब्लूमबर्ग यांनी सगळ्या पिवळ्या टॅक्सी पाच वर्षांत हायब्रिड करायचं जाहीर केलं. टॅक्सीमालक कोर्टात गेले आणि जिंकले, कारण इंधन आणि धुराचे नियम करणं केंद्र सरकारच्या अखत्यारीत, शहराच्या नाही. तरी रस्त्यावर फोर्ड एस्केप हायब्रिड वाढतच गेल्या. गाडी भाड्याने घेऊन चालवणारा पेट्रोल स्वतःच्या खिशातून भरतो, आणि मॅनहॅटनमध्ये टॅक्सी दिवसभर काय करते? थोडी चालते, थांबते, उभी राहते.

काकांनी परवा पुण्याहून नवा मुद्दा काढला. तिकडच्या ग्रँड व्हिटारा हायब्रिडवर लिटरला २७.९७ किलोमीटर लिहिलंय, आणि माझ्या गाडीचे ४० मैल प्रति गॅलन म्हणजे लिटरला फक्त सतरा. "म्हणजे तुमची अमेरिका मागेच की!" भारतातली ती गाडी लहान आणि हलकी, इंजिन दीड लिटरचं, आणि तिकडच्या चाचणीचा कमाल वेग ताशी ९० किलोमीटर. माझ्या बायकोची गाडी शाळेच्या फाटकातून निघाली की तीन मिनिटांत त्याच्या वर जाते. काकांना म्हटलं, पुण्याच्या वेताळ टेकडीवर एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत रोलरवर चालणाऱ्या गाडीला नळ स्टॉपचा सिग्नल लागत नाही. ते हसले, पण मुद्दा सोडला नाही.

महाराष्ट्र मंडळातल्या एका मित्राचा प्रश्न मात्र मला खरोखर आवडला. त्याच्याकडे दोन गाड्या: जुनी सिएना व्हॅन, लेबलवर २१, आणि लीज संपत आलेली साधी कोरोला, ३५. एकच हायब्रिड करायची तर कुठली? नवी सिएना हायब्रिडच येते, ३६ची. कोरोला हायब्रिड ५०ची. दोन्हीकडे वाढ पंधराचीच. त्याचा कल अर्थातच पन्नासकडे, पन्नास आकडाच तसा देखणा आहे. मी म्हटलं, गॅलनला मैल मोजू नकोस, मैलांना गॅलन मोज. वर्षाला बारा हजार मैल धरले तर जुन्या सिएनाला ५७१ गॅलन लागतात, नवीला ३३३, वाचले २३८. कोरोलाला ३४३ लागतात, हायब्रिड कोरोलाला २४०, वाचले १०३. शिवाय सिएना दिवसभर मुलांच्या शाळा, तबल्याचा क्लास आणि किराणा या फेऱ्यांत, म्हणजे थांबत-थांबत. कोरोला सकाळ-संध्याकाळ आय-९६ हायवेवर. मैल प्रति गॅलन हा आकडा असा फसवतो, हे रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या ड्यूक विद्यापीठातल्या दोघांनी २००८ मध्ये 'सायन्स'मध्ये मांडलं होतं, आणि २०१३च्या मॉडेलपासून लेबलवर शंभर मैलांना किती गॅलन हेही छापलं जातं. बारीक अक्षरात.

मित्राने हिशेब मान्य केला आणि कोरोला हायब्रिड घेतली. सिएनातून दरवर्षी मंडळाचा गणपती जातो, ढोल जातात, मसालेभाताचे ट्रे जातात. मागच्या सीटवर हळदीचे डाग आहेत आणि छताला मखराने पाडलेली चीर आहे. "नवी व्हॅन घेऊन तिच्यात हे सगळं भरू?" त्याने विचारलं. पुढच्या वर्षी मंडळाचं अध्यक्षपद सुटेल, मग बघू म्हणाला.